दुसऱ्या खंडातला घोडा

वारा ताशी पंचावन्न मैलांवर गेला की बोट सुटत नाही.
तिकीटखिडकीवर पाटी लावते, किटली ठेवते,
आणि माझ्या राज्यातला वेढा चार पावलं पुढे सरकतो.
स्ट्रॉमनेसच्या या धक्क्यावर मी चार खंड लिहिले,
अर्धेअधिक जुन्या वेळापत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर.

आमच्या बेटावर झाडं टिकत नाहीत.
म्हणून पहिला खंड म्हणजे नुसतं अरण्य,
सहाशे बारा पानं.
एका बाईनं कळवलं,
बीचच्या सावलीत नेचे एवढे दाट उगवत नाहीत.
माझ्याकडे उगवतात.

प्रकाशक सतरा वेळा नाही म्हणाले, सभ्यपणे.
अठरावी मीच उरले.
मग शिकले: कण्याची जाडी पानांवरून ठरते,
आतला समास चोरला तर वाक्यं शिवणीत बुडतात,
नकाशा दोन पानांवर पसरला
तर राजधानी नेमकी घडीत जाते.
टार्टूचा एक मुलगा मुखपृष्ठं करतो.
त्यानं ड्रॅगन काढला. माझ्या गोष्टीत ड्रॅगन नव्हता.
पैसे देऊन झाले होते,
तेव्हा तिसऱ्या खंडात एक आणला, म्हातारा, दमेकरी.
आता लोकांना तोच सगळ्यात आवडतो.

इस्करा नदी पहिल्या खंडात पश्चिमेला वाहते,
तिसऱ्यात पूर्वेला.
फाइल एका रात्रीत दुरुस्त होते.
छापून गेलेल्या दोनशे चाळीस प्रतींत मात्र
ती उलटीच वाहणार,
कुणाकुणाच्या उशाशी.

मार्चमध्ये ग्रेमसेहून मॅन्सी फ्लेट आला.
खेकड्यांचे पिंजरे विणून बोटं वाकलेली,
काखेत दुसरा खंड, पानांना डिझेलचा वास.
म्हणाला, "थोरा, तो अबलख घोडा."
"कुठला?"
"तीन दिव्यांच्या सराईबाहेर बांधलास तो. पान दोनशे सात.
ब्रेसा मागच्या दारानं पळाली, बरं झालं.
त्याला कुणी सोडलंच नाही.
तिसरा वाचला, चौथा वाचला. घोडा तिथंच.
बर्फ पडून गेला गं मधे, दोनदा."
मागे रांगेत तीन माणसं होती.
एकानं घड्याळ पाहिलं.

रात्री जुना खर्डा काढला.
चाळीस पानं मी खोगीरभरती म्हणून उडवली होती,
मोठ्या तोऱ्यात,
आणि खोगिराबरोबर घोडाही गेला होता:
एक पोऱ्या येतो, गाठ सोडतो,
भिजवलेले ओट त्याच्या तोंडाशी धरतो.
दीड परिच्छेद.

राण्या मारल्यात मी. शहरं जाळलीत
चहा निवायच्या आत, आणि नंतर गाढ झोपलेय.
त्या रात्री झोप आली नाही.

दुसरा खंड गुपचूप सुधारता आला असता.
पण मॅन्सीच्या प्रतीत घोडा तसाच उभा राहिला असता,
आणि मॅन्सीला तीच प्रत पाठ आहे.

म्हणून पाचवा खंड वेढ्यानं सुरू होत नाही.
सैन्यांना चिखलात थांबवलंय.
सराईवाल्याची मुलगी,
जिला मी साधं नावही दिलं नव्हतं,
सात वर्षं पेंड घालते आहे
कुणीतरी विसरलेल्या घोड्याला.
इथंच घोडं पेंड खात होतं तर,
आणि मी सहा महिने सेनापतीला दोष देत होते!

आता तिचं नाव सनिवा आहे.
ती गाठ सोडायला जाते. दोर कुजून गेलाय,
हात लावताच तुटतो.
तो कधीही जाऊ शकला असता.
ती त्याला इस्करेवर नेते.
पाणी त्याच्या पोटाला लागतं, तो शहारतो.
नदी कुठल्या दिशेला वाहते
ते मी लिहिलेलं नाही.

घोडं न्हालं म्हणावं,
तर अख्खा सहावा खंड बाकी आहे,
आणि मुखपृष्ठाचे पैसे.
वारा उतरला वाटतं.
पाटी काढते. मॅन्सी छत्रीविना उभा आहे बाहेर,
काखेत काही नाही,
नुसता विचारायला आलेला.